नांदीत उभं राहण्याची जागा

आजचा विषय ऐकायला जरा कोरडा आहे: संगीत नाटक शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना व्यावसायिक नाट्यसंस्थांमध्ये अनुभवासाठी पाठवणं. सगळे त्याला इंटर्नशिप म्हणतात, आपणही तेच म्हणू. पण आम्हाला वाटतं, संगीत नाटक पुढं टिकेल का, या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथं आहे.

आधी जुनी व्यवस्था पाहू. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आलं. त्यानंतर पुढची चाळीसेक वर्षं नाटक मंडळी हीच शाळा होती. बालगंधर्व 1905 साली किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले. दीनानाथ मंगेशकर तिथंच तयार झाले आणि 1918 मध्ये सहकाऱ्यांबरोबर बळवंत संगीत मंडळी काढून बाहेर पडले. म्हणजे शाळेतून शाळा निघत गेली.

ही शाळा चालायची कशी? आमच्या मते तिचं मर्म नांदीत आहे. पडदा उघडला की मंडळीतले नट मिळून नांदी म्हणायचे. त्यात नवखा पोरगाही मागच्या रांगेत उभा. एकट्यावर जबाबदारी नाही, पण दिवे अंगावर, समोर भरलेलं थिएटर, आणि ऑर्गनचा सूर धरून राहायचंय. मग एखादी सखी, एखादा ऋषिकुमार, एखादं छोटं पद. असं करत करत पायऱ्या चढायच्या. पहिली पायरी बुटकी होती, हे महत्त्वाचं.

आता लगेच कोणी म्हणेल, काय सोन्याचे दिवस होते! थांबा. लहान मुलं घर सोडून मंडळीच्या बिऱ्हाडात राहायची, त्यांचं शिक्षण तुटायचं. शिवाय स्त्रीभूमिका पुरुषच करत, म्हणजे मुलींना ते दार बंदच. ती व्यवस्था जशीच्या तशी परत आणा असं आम्ही मुळीच म्हणत नाही. तिच्यातली ती बुटकी पायरी तेवढी हवी आहे.

आज काय होतं? कायमचा पगारी नटसंच असलेली मंडळी आता जवळपास उरली नाही. निर्माता असतो, नाटकापुरते कलाकार असतात, आणि हिशोब नाईटवर. पात्रंही कमी झाली, कारण दौऱ्याचा खर्च. प्राजक्त देशमुखांचं ‘संगीत देवबाभळी’ बघा. 2017 साली भद्रकाली प्रॉडक्शन्सनं ते व्यावसायिक रंगभूमीवर आणलं. अलीकडचं फार महत्त्वाचं संगीत नाटक, यात आम्हाला शंका नाही. आवली आणि लखुबाई, दोघींच्याच बोलण्यातून गाणं उगवतं. ते बाहेरून चिकटवलेलं वाटत नाही. पण शिकाऊ मुलीच्या नजरेनं बघा: दोनच पात्रं. तिनं उभं राहायचं कुठं? विंगेत.

विंगेत उभं राहूनही शिकता येतं, हे खरं. पण काय शिकता येतं? पुण्याच्या ललित कला केंद्रात नाटक, संगीत आणि नृत्य एकाच ठिकाणी शिकवलं जातं. तिथं किंवा दुसरीकडे कुठंही वर्गात राग शिकवता येईल, उच्चार शिकवता येतील. वर्गात शिकवता येत नाही ते एकच: पद कुठं थांबवायचं. ‘सौभद्र’ आज तीन तासांच्या सत्रात बसवावं लागतं. वन्स मोअर आला तर घ्यायचा की नाही? तान आणखी लांबवली तर समोरच्या नटाचा प्रसंग पडेल का? तबलजीकडे न बघता त्याला सम कशी सांगायची? हे प्रेक्षकांपुढं उभं राहूनच कळतं, आणि एका प्रयोगात कळत नाही. साथ रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर असेल तर मुळीच कळत नाही, कारण ट्रॅक कुणासाठी थांबत नाही.

‘कट्यार काळजात घुसली’मधला सदाशिव आठवा. 1967 पासून आपण त्याच्यासाठी टाळ्या वाजवतोय. खाँसाहेबांची गायकी तो लपूनछपून ऐकून शिकतो. नाटकात ते फार सुंदर दिसतं, कारण तिथं न शिकवणं हा अन्याय आहे हे नाटककाराला ठाऊक आहे. आणि आपण काय करतो? विद्यार्थ्याला प्रॉपर्टीच्या पेट्या उचलायला लावतो, चहा सांगायला लावतो, आणि वर म्हणतो, ऐकून शीक. मग प्रमाणपत्र. मानधनाचं नावही नाही. याला शिक्षण म्हणायचं तर फुकटची हमाली कशाला म्हणायचं?

म्हणून आमचं म्हणणं असं. विद्यार्थी पाठवण्याआधी शिक्षणसंस्थेनं तीन गोष्टी कबूल करून घ्याव्यात. एक, तालमीत त्यानं साथीदारांशेजारी बसायचं आणि गैरहजर नटाची पदं म्हणायची. दोन, एका भूमिकेची रिप्लेसमेंट म्हणून त्याची पूर्ण तयारी करून घ्यायची आणि दौऱ्यातला निदान एक प्रयोग त्याला द्यायचा. तीन, पेट्या उचलल्या तर त्याचे पैसे. निर्मात्याला हे महाग वाटेल, आणि त्याची अडचण खोटी नाही. पण आजारी नटामुळे प्रयोग रद्द होणं याहून महाग पडतं, हे त्यालाच जास्त ठाऊक आहे.

आणि नाटक दोन पात्रांचं असलं तरी नांदी म्हणायला कोणाची हरकत आहे? चार विद्यार्थी उभे करा. तिसरी घंटा झाली की त्यांना सूर लावू द्या.