'श्वास' आणि सांगण्याची वेळ

कर्करोग आपल्या कथा-चित्रपटांत येतो तो बहुधा शेवट बरोबर घेऊनच. रोगाचे नाव उच्चारले गेले की पुढचे सारे ठरून जाते. हृषीकेश मुखर्जींचा 'आनंद' (१९७१) हे याचे सर्वांत देखणे उदाहरण. आपला रोग बरा होणारा नाही, हे आनंदला पहिल्यापासून ठाऊक असते. उपचाराचा प्रश्न तेथे उरतच नाही. उरते ते हसतमुख मरण आणि मागे राहिलेल्यांना मिळालेला जगण्याचा धडा. त्या चित्रपटाचे मोल मी कमी लेखीत नाही. परंतु ज्याला काल निदान कळले आणि उद्या सकाळी रुग्णालयात हजर व्हायचे आहे, त्या माणसाला 'आनंद'मध्ये जागा नाही.

ती जागा दिली संदीप सावंत यांच्या 'श्वास'ने (२००४). माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटाने 'श्यामची आई'नंतर प्रथमच मराठीला राष्ट्रपतींचे सुवर्णकमळ मिळवून दिले. कथा चार ओळींची आहे. कोकणातला एक आजोबा नातवाचे डोळे दाखवायला शहरात येतो. चष्मा लागेल, फार तर औषध घालावे लागेल, एवढीच त्याची तयारी. निघतो तो दृष्टिपटलाचा कर्करोग. शस्त्रक्रिया केली तर परशा वाचेल. पण त्याची दृष्टी जाईल. आणि डॉक्टरांचा आग्रह असा, की हे परशाला आधी सांगितले पाहिजे.

हा चित्रपट मी दोनदा पाहिला. पहिल्या खेपेस रुग्णालयातला भाग मला लांबलेला वाटला होता. ती खोल्यांबाहेरची ताटकळ, पुढे ढकललेली शस्त्रक्रिया, तेच तेच पुन्हा विचारणारा म्हातारा! त्यानंतर काही वर्षांनी आमच्या वहिनींचे निदान झाले. 'साधी गाठ आहे, काढून टाकली की झाले,' असे आम्ही त्यांना सांगितले. संमतिपत्र पुढे आले तेव्हा त्यांनी ते शांतपणे वाचले, सही केली आणि म्हणाल्या, "तुम्हांला सांगायला जड जात होतं, म्हणून मी विचारलं नाही." त्यानंतर 'श्वास' पुन्हा पाहिला आणि माझे मत किती उथळ होते हे उमगले. जो भाग मला लांबलेला वाटला होता, तोच या चित्रपटाचा गाभा आहे. निदान आणि उपचार यांच्यामधल्या त्या थोड्या दिवसांतच सारे घर रोगाला प्रथम भेटत असते.

अरुण नलावडे यांचा आजोबा या भेटीत धीरोदात्त होत नाही. तो गोंधळतो, घासाघीस करतो, डॉक्टरांच्या तोंडून निराळे उत्तर निघेल या आशेने थांबून राहतो. अश्विन चितळेच्या परशाला कळते ते कोणाच्या शब्दांनी नव्हे, तर मोठ्यांच्या बदललेल्या वागण्याने. मुलापासून सत्य लपवता येत नाही. लपवता येते ती केवळ आपली सोबत.

म्हणूनच शस्त्रक्रियेआधी आजोबा नातवाला घेऊन रुग्णालयातून नाहीसा होतो, त्याला शहर दाखवीत हिंडतो, ते निव्वळ भावविवशतेचे दृश्य राहत नाही. शास्त्राने दिलेला निर्णय त्याने स्वीकारला आहे. त्या निर्णयात नातवाचे उरलेले पाहणे तो भरून घेतो आहे, इतकेच.

दोष आहेत. त्या पलायनानंतरचा रुग्णालयातला गोंधळ चढ्या सुरात रंगविला आहे. शिवाय आजचा प्रेक्षक विचारील, की दुसरा मार्गच नव्हता का? बाहुलीत दिसणारी पांढरी चमक वेळीच ओळखली, तर केमोथेरपी, लेसर वा गोठवण्याच्या उपचारांनी आज पुष्कळ मुलांचे डोळेही वाचवता येतात. ही माहिती आईबापांना असायलाच हवी. पण तिने चित्रपटातला पेच सुटत नाही. उपचार बदलले तरी ते सुरू होण्याआधी कोणीतरी खाली बसून, रोग्याच्या डोळ्यांना डोळा देऊन, खरे बोलावेच लागते.

अखेरीस काळा चष्मा लावलेला परशा होडीतून गावाकडे परततो. तो शेवट दुःखाचा की सुखाचा, हे मला आजही ठरवता आलेले नाही. मात्र तो मरणाचा नाही. आणि कर्करोगाच्या गोष्टीत आपल्याला हे इतके नवे वाटावे, यातच आपल्या आजवरच्या गोष्टींची उणीव दिसते.