घडीतून उमटणारं अन्वस्त

अकरावीच्या पुस्तकात शंकुच्छेद भेटतात ते समीकरणांच्या रूपात. तिथे शंकूही हाताला लागत नाही आणि छेदही. म्हणून वणीसारख्या गावात एखाद्या शिक्षकाने शाडू, दोरा आणि ट्रेसिंग पेपर घेऊन हा धडा सुरू केला, तर त्याला हस्तकलेचा तास समजू नये. या साध्या साहित्यात भूमितीची फार बारीक जाण आहे.

आधी शाडू. कागदाच्या शंकूत ती ठासून भरायची, जरा आवळली की कागद सोडवायचा आणि ताणलेल्या दोऱ्याने कापायचं. तळाला समांतर कापलं की वर्तुळ, किंचित तिरपं कापलं की लंबवर्तुळ. दोरा शंकूच्या कडेला समांतर धरला की अन्वस्त, त्याहून उभा धरला की अपास्त. इथवर सगळेच दाखवतात. जाणता शिक्षक लंबवर्तुळापाशी थांबतो. शंकू वर निमुळता, खाली रुंद. तेव्हा तिरप्या कापाचं एक टोक अरुंद, दुसरं पसरट, म्हणजे आकार अंड्यासारखा असणार, असं मन सांगतं. आल्ब्रेख्त ड्यूररसारख्या कसलेल्या चित्रकारानेही 1525 च्या आपल्या ग्रंथात तो अंडाकृतीच काढला. आता कापावर ट्रेसिंग पेपर ठेवून कड गिरवा, कागद अर्धा फेरा फिरवा आणि पुन्हा तिथेच ठेवा. रेषेवर रेषा बसते! सममिती फळ्यावर सिद्ध होण्याआधी बोटांना पटलेली असते.

शंकूच्या कापात नाभी मात्र दिसत नाही. ती घडीत सापडते. ट्रेसिंग पेपरच्या खालच्या कडेपासून दोन बोटं वर एक ठिपका द्यायचा. कडेवरचा एकेक बिंदू त्या ठिपक्यावर आणून घडी दाबायची, उलगडायची, शेजारचा बिंदू घ्यायचा. बराच वेळ नुसत्या पांढऱ्या रेघांची गर्दी दिसते. मग त्या गर्दीच्या काठाने अन्वस्त उमटू लागतं, कुणीही न काढलेलं. प्रत्येक घडी त्याची स्पर्शिका असते. कडेवरच्या ज्या बिंदूपासून घडी घातली तिथे कडेला लंब उभारा. तो घडीला जिथे छेदतो, तिथून ठिपका, म्हणजेच नाभी, आणि कड सारख्याच अंतरावर. पाठ करायची व्याख्या हाताखालून आधीच गेलेली असते.

सरळ कडेऐवजी वर्तुळ घ्या. ठिपका आत असला तर लंबवर्तुळ, बाहेर असला तर अपास्त. आतला ठिपका केंद्राकडे सरकवत न्या, लंबवर्तुळ गोल होत जातं. कृती तीच, फक्त ठिपका हलला. इतकी काटकसर मला दुसऱ्या कुठल्याही प्रतिकृतीत दिसलेली नाही. कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं टी. सुंदर राव यांचं पुस्तक 1893 साली मद्रासला निघालं, त्यात शंकुच्छेदही आहेत. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली आणि ते दूरवर पोचलं.

काप आणि नाभी यांची गाठ गणिती दांदलँ यांनी 1822 मध्ये घालून दिली. शंकूच्या आत, त्याच्या भिंतीला सगळीकडून टेकणारा गोल बसवा; तो छेदाच्या प्रतलाला ज्या बिंदूत स्पर्श करतो, तीच नाभी. वर्गात कागदी शंकू, एक गोटी आणि पारदर्शक पत्रा एवढ्यावर हे दाखवता येतं.

आणि हेच अन्वस्त भव्य रूपात बघायचं तर नारायणगावजवळच्या खोडदला जावं. तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या 30 तबकड्या, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. त्यांचा पृष्ठभाग अखंड पत्र्याचा नाही. पोलादी दोरांवर ताणलेल्या बारीक तारेच्या जाळीचा आहे. जाळीचे सपाट तुकडे जुळून वक्र तयार होतो, कागदावर सरळ घड्यांतून झाला तसाच. वारा जाळीतून निघून जातो, लांब तरंगांच्या रेडिओलहरी मात्र परावर्तित होऊन नाभीशी एकवटतात.

28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला खोडदची दुर्बीण लोकांना पाहता येते. वणी-दिंडोरीच्या शिक्षकांनी मुलांना तिथे जरूर न्यावं, पण त्याआधी प्रत्येकाला एक तरी अन्वस्त स्वतःच्या हाताने घडी घालून काढू द्यावं.