प्रकाशाला लिगामेंटमधलं कोलॅजन दिसतं. ताकद दिसते का?

सकाळी कोथरूडच्या बाजूने टेकडी चढायला लागलात, की गुडघ्याला पट्टा बांधलेले दोन-चार जण हमखास भेटतात. त्यातल्या एखाद्याचं ‘एसीएल’ गेलेलं असतं, म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारं लिगामेंट. डॉक्टर गुडघा किंचित वाकवून नडगी पुढे ओढून बघतात, मग एमआरआय होतो. लिगामेंट तुटलंय का, हे त्यातून बऱ्यापैकी कळतं. पण अर्धवट फाटून जुळलेलं लिगामेंट कबड्डीच्या मैदानावर किती भार पेलेल, हे कळत नाही.

ते मोजायची खात्रीची पद्धत एकच: ओढून तोडायचं. १९९१ मध्ये वू आणि सहकाऱ्यांनी मृतदेहांतली एसीएल दोन्हीकडच्या हाडांसकट ओढून तोडली. २२ ते ३५ वयोगटात सरासरी २१६० न्यूटनला ती तुटली, ६० ते ९७ वयोगटात ६५८ न्यूटनला. जिवंत खेळाडूवर हा प्रयोग करता येत नाही, म्हणून प्रकाशाकडे वळायचं.

आज ज्या शोधनिबंधाबद्दल बोलायचंय, तो याच वाटेवरचा आहे. फिनलंडमधल्या टोर्निआइनेन आणि सहकाऱ्यांनी तो २०२२ मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी गुरांचे दहा गुडघे घेतले. त्यातली लिगामेंट्स आणि वाटीखालचा टेंडन यांवर निकट-अवरक्त प्रकाश टाकून वर्णपट घेतले. मग त्याच ऊतींचं रासायनिक आणि सूक्ष्मदर्शकाखालचं परीक्षण करून दोन्हींचा मेळ घातला. कल्पना सोपी आहे. पाण्यातले ओ-एच बंध १४५० आणि १९४० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश जोरात शोषतात, प्रथिनांचे बंध आपापल्या ठिकाणी. कुठे किती प्रकाश गायब झाला, त्यावरून आत काय किती आहे याचा अंदाज बांधायचा.

निकाल असा: पाण्यासाठी आर-वर्ग ०.६५, कोलॅजनसाठी ०.५७. इलॅस्टिन, प्रोटिओग्लायकन आणि तंतूंची नागमोडी रचना, म्हणजे क्रिम्प, यांचा पत्ता लागला नाही. जे सापडलं नाही तेही लेखकांनी सारांशातच स्पष्ट लिहिलंय, याबद्दल त्यांना मनापासून दाद. आपल्याकडच्या कितीतरी प्रबंधांत असे निकाल परिशिष्टातसुद्धा सापडत नाहीत.

माझी तक्रार पुढच्या वाक्याबद्दल आहे. तिथे म्हटलंय, की लिगामेंटचं यांत्रिक वर्तन मुख्यत्वे कोलॅजन ठरवतं, म्हणून या तंत्रात लिगामेंट तपासण्याची क्षमता आहे. या ‘म्हणून’पाशी थांबा.

काथ्याचे दोन दोर घ्या. वजन सारखं, पण एकाचा पीळ घट्ट आणि दुसऱ्याचा विस्कटलेला. काथ्या किती, हे तराजू बरोबर सांगेल. विहिरीत कोणता दोर सोडायचा, हे नाही सांगणार. कोलॅजनचंही तसंच आहे. त्याच्या रेणूचा तिहेरी पीळ मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४-५५ मध्ये मांडला. त्या रेणूंचे तंतू होतात आणि तंतू लिगामेंटमध्ये नागमोडी पडून राहतात. लिगामेंट ओढलं की आधी या लाटा सरळ होतात, म्हणून स्ट्रेस-स्ट्रेन ग्राफ सुरुवातीला आडवा पसरतो आणि मग एकदम चढतो. थोडक्यात, ग्राफचा पहिला भाग क्रिम्पवर अवलंबून आहे, आणि नेमका क्रिम्पच या प्रकाशाला दिसला नाही! सारांशातलं एक वाक्य दुसऱ्याच्या पायात पाय घालतंय.

आता आकड्यांकडे बघू. ०.५७ म्हणजे कोलॅजनमधल्या चढ-उतारापैकी ४३ टक्के मॉडेलच्या हाताबाहेर राहिला. समजा, ताठरतेतला ७० टक्के फरक कोलॅजनमुळे असतो (हा आकडा फक्त हिशेबासाठी). दोन्ही टप्प्यांतल्या चुका एकमेकींशी संबंधित नाहीत असं धरलं, तर प्रकाशापासून ताठरतेपर्यंत पोचताना ०.५७ गुणिले ०.७, म्हणजे जेमतेम ०.४० उरतात. एवढ्याच्या जोरावर ‘सहा महिन्यांनी मैदानावर उतर’ असं कुणाला सांगाल का?

असा कुठलाही निबंध वाचताना अजून दोन गोष्टी तपासा. पहिली, मॉडेलची चाचणी कशी घेतली? एकाच गुडघ्यातले काही नमुने शिकवायला आणि काही परीक्षेला वापरले, तर तो पेपर फोडण्याचाच प्रकार झाला. अख्खा गुडघा बाजूला ठेवायला हवा. दुसरी, वेगवेगळ्या ऊती एकत्र केल्यात का? तसं असेल तर मॉडेल कदाचित ‘हा टेंडन, हे एसीएल’ एवढंच ओळखत असेल आणि आपण त्याला कोलॅजन मोजल्याचं श्रेय देत असू. प्रत्येक ऊतीचा आलेख वेगळा काढला की खरं-खोटं कळतं.

मग प्रकाशाचा नाद सोडायचा का? मुळीच नाही. ध्रुवित प्रकाश वापरला तर तंतूंची दिशा आणि लाटा दिसू शकतात, कारण कोलॅजन त्याच्याशी दिशेनुसार वेगळं वागतं. अडचण अशी, की त्यासाठी बहुतेकदा पातळ काप लागतात आणि जाड ऊतीत प्रकाश विखुरतो. रचना आणि घटक दोन्ही एकत्र मोजून, त्याच नमुन्याची ओढून घेतलेली ताठरता शेजारी ठेवायची. रिसर्च प्रपोजल लिहायला बसला असाल, तर हा प्रश्न चांगला आहे.

मुलाखतीत ‘या पेपरमधली उणीव सांगा’ असं विचारलं, की आपण पटकन ‘सॅम्पल साइज लहान आहे’ म्हणून मोकळे होतो. ते कुणीही सांगेल. त्याऐवजी लेखकांनी काय मोजलं आणि कशाबद्दल बोलले, हे दोन रकान्यांत लिहून काढा. इथे एका रकान्यात पाणी आणि कोलॅजन येतं, दुसऱ्यात गुडघ्याची ताकद. मधली मोकळी जागा भरायला कोणता प्रयोग लागेल, ते सांगा.