रान, जाळी आन् पोटखराबा

ना. धों. महानोरांचा 'रानातल्या कविता' हा संग्रह १९६७ साली आला. लातूरला एका शिकलेल्या पाव्हण्यानं तो हातात घेऊन मला विचारलं, "जंगलातल्या कविता का?" मी म्हणलं, "नाही हो, शेतातल्या." महानोर पळसखेड्याचे शेतकरी. आमच्याकडंही 'बाप रानात गेलाय' म्हणलं की तो कोळपायला गेलाय, हे लेकरालाही कळतं. मारुती चितमपल्ली वनखात्यात होते. त्यांच्या 'रानवाटा'तलं रान जंगलाचं. दोघंही खरे. चुकतो तो शब्दाचं गाव न विचारता वाचणारा.

आताच्या ग्रामीण कथांबद्दल माझी तक्रार वेगळी. तिथं सरसकट 'झाडी' असते. अहो, आंब्याची राई, शिंदीचं बन, बांबूचं बेट, बोरीची जाळी! राईत माणूस सावलीला बसतो, बनातून वाट काढतो, जाळीत मात्र शिरत नाही. तिच्या बुडाशी तित्तर अंडी घालतं. शब्द बदलला की माणसाचं वागणंही बदलतं.

हे मी कोणत्या तोंडानं सांगू? आमच्या वढ्याकडंला बोरीची मोठी जाळी होती. सातबाऱ्यावर तेवढ्या जागेला एकच शब्द, पोटखराबा. मीही तसंच म्हणायला लागलो आन् एका उन्हाळ्यात जेसीबी लावून ती साफ केली. सोयाबीनचे चार तास वाढले.

परवा नातवानं विचारलं, "आबा, जाळी म्हंजी काय?" त्याला दाखवायला आता कुंपणाची तारेचीच जाळी उरलीय.