ग्लोरियाचा रिपोर्ट

मार्क हर्मनचा ‘ब्रास्ड ऑफ’ (१९९६) लोकांना आठवतो तो बँडमास्तर डॅनीच्या भाषणासाठी. यॉर्कशरमधल्या ग्रिमली या काल्पनिक गावातली कोळसाखाण बंद होतेय. खाणकामगारांचा ब्रास बँड लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जिंकतो आणि डॅनी ट्रॉफी नाकारून सरकारला सुनावतो. पीट पॉसल्थवेटनं ते केलंय जबरदस्त. पण मला सिनेमाचा जीव दुसरीकडेच सापडला.

ग्लोरिया मॅनेजमेंटची सर्व्हेअर. खाण चालवणं परवडेल का, याचा रिपोर्ट करायला आलेली. तिचे आकडे म्हणतात, परवडेल. मग तिला कळतं की बंद करायचा निर्णय दोन वर्षांपूर्वीच झालाय. रिपोर्ट फक्त दाखवायला हवा होता. आयटीत दोन-चार वर्षं काढलेल्या माणसाला हा सीन समजावून सांगावा लागत नाही.

सिनेमा कमी पडतो तो सँड्राच्या बाबतीत. ही फिलची बायको. वसुलीवाले घरातलं सामान उचलून नेतात, ती पोरांना घेऊन निघून जाते. आणि आपला कॅमेरा? तो फिलकडे. घर चालवणारीचा हिशेब काय होता, हे हर्मन विचारतच नाही. पुरुषांचं दुःख त्याला वाजवता येतं, बायकांचं नाही.

सिनेमा हवामानबदलाबद्दल नाही, हेही खरं. त्या खाणी कार्बनपायी बंद झाल्या नव्हत्या. ब्रिटनचं शेवटचं कोळशावरचं वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ला बंद झालं, तेव्हा माझ्या टाइमलाइनवर टाळ्याच टाळ्या होत्या. शेवटची खोल खाण मात्र २०१५मध्येच मिटली होती. टाळ्या चिमणीला मिळाल्या. खाणीतल्या माणसांचं जे व्हायचं ते आधीच होऊन गेलं होतं.

आपल्याकडे उलट आहे. २०७०पर्यंत नेट-झिरो असं आपण २०२१मध्ये ग्लासगोत सांगितलं, आणि २०२४-२५मध्ये देशाचं कोळसा उत्पादन १०० कोटी टनांच्या वर गेलं. म्हणजे चंद्रपूर-वणीच्या पट्ट्याला अजून वेळ आहे. पण ग्रिमलीत निदान मतदान तरी होतं: पैसे घेऊन घरी बसायचं की लढायचं. कर्जात बुडालेला फिल पैशाला मत देतो, आणि त्याचा राग येत नाही. खुल्या खाणीवर कंत्राटदाराचा डंपर चालवणाऱ्याला असं मत कोण विचारणार? भरपाई मस्टरवर नाव असलेल्याला. गेटबाहेरचा चहावाला, टायर पंक्चरवाला, भाड्यानं खोल्या देणारी बाई, यांचं मस्टर कुणाकडेच नसतं.

चंद्रपूरसाठीही एखादी ग्लोरिया कधीतरी लॅपटॉप घेऊन येईलच. तिच्या एक्सेलमध्ये या बाईसाठी कॉलम आहे का, हे मी आधी बघेन.