शुक्रवारच्या आधीचा सिनेमा

मराठी चित्रपट लागण्याआधीच त्याच्यावर बोलून मोकळं होण्याची घाई आता सगळ्यांनाच झालेली असते. फर्स्ट लुक आला की एक मत, टीझरला दुसरं, ट्रेलरला तिसरं. शुक्रवारी पहिला खेळ सुरू होतो तेव्हा निम्मं समीक्षण उरकलेलं असतं. त्यात गैर काही नाही. चौघांची तिकिटं, रिक्षा आणि मध्यंतरातलं पॉपकॉर्न यांचा हिशेब ज्याच्या खिशातून व्हायचा, त्याला आधी चाचपणी करण्याचा पूर्ण हक्क आहे. वर्षअखेरीला 'येणारे चित्रपट' या विषयावर रकाने भरणाऱ्या माझ्यासारख्यांचं तर पोटच त्यावर चालतं. माझी तक्रार वेगळी आहे. चित्रपट कसा असेल, हा प्रश्न आपण जवळजवळ सोडून दिला आणि त्याच्या जागी तो किती करेल, हा प्रश्न आणून बसवला. वर दोन्हींची उत्तरं त्याच त्या खुणांवरून काढायची सवय लागली.

आकड्यांची ही ओढ काल-परवाची नाही म्हणा. 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. पुढे मुंबईबाहेर त्याची जाहिरात करताना दादासाहेब फाळक्यांनी प्रेक्षकाला काय सांगितलं? 57,000 छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं फक्त तीन आण्यांत. हरिश्चंद्राच्या सत्त्वाबद्दल चकार शब्द नाही, माल मोजून दाखवला. आजच्या 'इतक्या कोटींचं बजेट, इतके व्हीएफएक्स शॉट' छापाच्या प्रसिद्धिपत्रकांचं घराणं तिथपर्यंत जातं. फाळक्यांना ते शोभलं, कारण त्यांना चित्रपट नावाची वस्तूच विकायची होती. आपल्याकडे ती सबब नाही.

आता अंदाजाचं मुख्य साधन म्हणजे ट्रेलर. शितावरून भाताची परीक्षा करावी म्हणतात. इथे मात्र शीत स्वयंपाक्यानेच निवडून पुढे केलेलं असतं. बऱ्याचदा चित्रपटाचा संकलक एक आणि प्रोमो कापणारा दुसराच असतो. त्या दुसऱ्याच्या हाती दोन-अडीच मिनिटं, आणि डोक्यावर निर्मात्याची मागणी की प्रत्येक नट दिसला पाहिजे, प्रत्येक गाण्याची झलक आली पाहिजे. मराठी ट्रेलर ही कला म्हणून आज कुठे आहे, असं विचारलं तर उत्तर फारसं सुखाचं नाही. विनोदी चित्रपटाचे बरे विनोद ट्रेलरमध्येच संपतात. कौटुंबिक चित्रपटात भांडण, रडू आणि समेट अगदी क्रमवार येतात, म्हणजे राहिलं काय? ऐतिहासिक म्हटला की ड्रोनमधून गड, घोड्यांच्या टापा, ढोल, संथ गतीत उगारलेली तलवार, मग गर्जना आणि तारीख. हे पाहून चित्रपट कळत नाही, त्याचा प्रकार कळतो. आणि प्रकार तर पोस्टरवरूनच कळलेला असतो.

काय दाखवायचं नाही, हे ठरवणारे थोडे. त्यांतलं सगळ्यात मोठं उदाहरण अजूनही 'सैराट'च आहे. 29 एप्रिल 2016 ला तो लागला, त्याआधी लोकांपर्यंत पोहोचली ती अजय-अतुलची गाणी. 'झिंगाट' तर चित्रपटाच्या आधी वरातीत जाऊन बसलं. दुसरीकडे 'फँड्री' पाहिलेला एक वर्ग होता. त्याच्या शेवटच्या दृश्यात नायकाकरवी प्रेक्षकाच्या दिशेने दगड भिरकावणारा दिग्दर्शक नागराज मंजुळे हॉलिवूडमध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या सिम्फनीवर गावाकडचं प्रेम रंगवतोय, हे त्या वर्गाच्या पचनी पडत नव्हतं. फेब्रुवारीत चित्रपट बर्लिनला दाखवला गेला होता, मार्चअखेरीस रिंकू राजगुरूला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेखही मिळाला. म्हणजे खुणा दोन्ही बाजूंच्या होत्या. गाण्यांवरून अंदाज बांधणारे मध्यंतरापर्यंत बरोबर ठरले आणि 'फँड्री'वरून अंदाज बांधणारे मध्यंतरानंतर.

नुसती चलाखीची प्रसिद्धी म्हणून हे सोडून देण्यासारखं नाही. प्रेक्षक नाचायच्या तयारीने आत येणार, हे त्या चित्रपटाच्या रचनेतच धरलेलं आहे. ती तयारी नसती तर शेवटी आवाज पूर्ण काढून घेतल्यावर जो धक्का बसतो तो बसलाच नसता. ट्रेलरने हाडवैर आणि रक्त आधीच दाखवलं असतं तर 'सैराट' एक प्रामाणिक, दुःखी चित्रपट म्हणून पाहिला गेला असता, आणि बहुधा थोड्यांनी पाहिला असता. ताळा हवा असेल तर 2018 चा हिंदी 'धडक' आहे. गोष्ट तीच, पण थिएटरात बसलेल्या अनेकांना शेवट काय ते ठाऊक होतं. चुकीचा अंदाज बांधायची सोयच उरली नाही आणि चित्रपटातली हवा गेली. (जातीचा उल्लेख पातळ केला हे दुसरं कारण, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

किती करेल, या प्रश्नाकडे वळलं की मराठीत एक विचित्र गोष्ट दिसते. इथे अंदाज नुसता वर्तवला जात नाही, तो चित्रपटावर लादला जातो. शुक्रवारचे शो त्याच आठवड्यात मंगळवार-बुधवारपर्यंत ठरत राहतात. मोठा हिंदी चित्रपट समोर असला की मराठीच्या वाट्याला सकाळी अकराचा किंवा दुपारचा खेळ येतो, तोही शहराच्या दुसऱ्या टोकाला. नोकरदार माणूस त्या वेळी जाणार कसा? मग सोमवारी म्हणायचं, बघा, गर्दी नव्हती. 1971 मध्ये दादरच्या कोहिनूरला दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'ऐवजी देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' लावायचं ठरलं होतं. शिवसेना मध्ये पडली म्हणून 'सोंगाड्या' लागला आणि चालला तो तुफान. मालकाचा हिशेब त्याच्या दृष्टीने वेडगळ नव्हता. देव आनंदसमोर अर्धी चड्डी घातलेल्या नाम्यावर पैसे कोण लावेल?

2018 च्या दिवाळीत तोच खेळ पुन्हा झाला. 8 नोव्हेंबरला आमिर खान आणि अमिताभ बच्चन यांचा 'ठग्ज ऑफ हिंदोस्तान' आणि सुबोध भावेचा '...आणि डॉ. काशिनाथ घाणेकर' एकाच दिवशी लागले. शो मिळण्यावरून वाद झाला. 'ठग्ज'ने पहिल्या दिवशी 50 कोटींच्या वर गल्ला जमवला आणि रविवार यायच्या आत तो घसरणीला लागला. घाणेकर मात्र तोंडोतोंडी वाढले. खरं तर घाणेकरांबद्दलचा अंदाज आधीही अवघड नव्हता. मराठी रंगभूमीवर प्रवेशालाच टाळी घेणाऱ्या नटाची वादळी गोष्ट, नाटकवेड्या लोकांसमोर, दिवाळीच्या सुट्टीत. एवढं पुरेसं होतं. पण हिशेब करणाऱ्यांकडे 'मराठी नाट्यप्रेम' असा रकानाच नव्हता.

तो असता तर 2015 ची दिवाळीही कळली असती. 12 नोव्हेंबरला 'प्रेम रतन धन पायो' आणि 'मुंबई-पुणे-मुंबई 2' यांच्याबरोबर 'कट्यार काळजात घुसली' लागला होता. मूळ नाटकातला वसंतराव देशपांड्यांचा खाँसाहेब मनात जपणाऱ्यांनी त्या भूमिकेसाठी सचिन पिळगांवकरांचं नाव ऐकून नाकं मुरडली. शंकर महादेवन अभिनय करणार, यावरही शंका होतीच. एका बाबतीत ते चूक नव्हते: नाटकातली गायकीची लढाई चित्रपटात बरीच सजवलेली, झुंबरांनी लगडलेली झाली. पण गळा राहुल देशपांड्यांचा होता, आणि ज्यांनी नाटक पाहिलंच नव्हतं अशी तरुण मंडळी त्या पदांसाठी पुन्हा पुन्हा गेली. इथे भाकीत करायचं होतं ते अभिनयाचं नव्हे, कानांचं.

'बाईपण भारी देवा'ची गंमत तर उलटीच आहे. केदार शिंदे यांच्या या चित्रपटाचा ट्रेलर पाहून जो अंदाज येत होता तो चित्रपट म्हणून बरोबर निघाला: सहा बहिणी, मंगळागौर, ठळक भावना, कानाला जरा जास्तच. रोहिणी हट्टंगडी आणि वंदना गुप्ते यांनी काही प्रसंग उचलून धरले, बाकी पटकथा ठरल्या वाटेने गेली. मात्र जून 2023 च्या अखेरीस तो लागला तेव्हा बायका नटूनथटून, गटागटाने, सोसायटीच्या सोसायट्या मिळून आल्या. आठवड्याच्या मधल्या वारी दुपारचे खेळ भरले, म्हणजे जी वेळ शिक्षा म्हणून दिली जाते तीच वेळ. पन्नाशीच्या बायका एकत्र थिएटरात जातील, याचा विचारच कुणी केला नव्हता. किती करेल याचं उत्तर साफ चुकलं आणि कसा असेल याचं बरोबर आलं. यशानंतर समीक्षकांनी आधीची मतं मऊ केली, ते मला पटलं नाही. गर्दी ही त्या चित्रपटाबद्दलची महत्त्वाची गोष्ट आहे, पण त्यामुळे पटकथा सुधारत नाही.

ऐतिहासिक चित्रपटांत अंदाज बांधणाऱ्यांत आता न बोलावलेले पाहुणेही आले आहेत. 2022 च्या डिसेंबरात 'वेडात मराठे वीर दौडले सात'मधली अक्षय कुमारची झलक आली, तर लोकांना शिवाजी महाराजांच्या आधी झुंबरातले विजेचे दिवे दिसले. हसं झालं, आणि योग्यच झालं; सतराव्या शतकात दिवे लावणारा माणूस संवादांत काय लावेल, ही शंका रास्त आहे. 'छावा'च्या बाबतीत मात्र जानेवारी 2025 मध्ये ट्रेलरमधल्या लेझीमच्या काही क्षणांवरून आक्षेप आले आणि लक्ष्मण उतेकरांनी तो भाग काढला. पूर्ण चित्रपटात तो प्रसंग कसा बसला असता, हे आता कुणालाच पाहता येणार नाही. ट्रेलर ही झलक न राहता सुनावणी होते, तेव्हा दिग्दर्शक साहजिकच बिनधोक तेवढंच दाखवायला शिकतो. सगळे शिवकालीन ट्रेलर एकसारखे दिसण्यामागे सर्जनशीलतेचा दुष्काळ जितका आहे तितकंच हे भयही आहे.

मग भरवसा कशावर ठेवायचा? माझ्यापुरतं सांगतो. लेखकाचं नाव आधी बघतो. पोस्टरवर ते शोधावं लागत असेल तर तीही खूणच. ट्रेलरमध्ये दुय्यम नटांना एखादं पूर्ण वाक्य मिळालंय का ते बघतो. आणि कान देऊन ऐकतो: पार्श्वसंगीत कुठे थांबतं का? भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव ही जोडी 'आता थांबायचं नाय' अशा शीर्षकाखाली दिसली की हात आपोआप 'धमाल विनोदी' या शिक्क्याकडे जातो. 1 मे 2025 ला त्याच्यासोबत 'हास्यजत्रे'च्या मंडळींचा 'गुलकंद' आणि अजय देवगणचा 'रेड 2' होता; शीर्षकावरून जाणाऱ्यांनी शिवराज वायचळच्या चित्रपटाला तिसरी जागा दिली. पण महापालिकेचे सफाई कामगार रात्रशाळेत बसून दहावी देतात, ही खरी घटना त्यामागे होती आणि तिच्यात विनोद आणि लाज दोन्ही एकत्र होते. ज्यांनी शीर्षक सोडून विषय वाचला त्यांचा अंदाज बरोबर आला.

त्याच वर्षी सप्टेंबरात एका आठवड्याच्या अंतराने दोन चित्रपट आले. 'दशावतार'ने सगळा भार ऐंशी ओलांडलेल्या दिलीप प्रभावळकरांच्या चेहऱ्यावर टाकला. ट्रेलरने चेहरा दिला आणि कोकणातलं रान दिलं, चित्रपटानेही तेच दिलं, उत्तरार्धातल्या सूडकथेच्या ठोकळेबाजपणासकट. रोहन कानवडेचा 'साबर बोंडं' सनडान्समध्ये जागतिक कथाचित्रपटांचं सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला, त्यामुळे त्याच्यावर 'फेस्टिव्हलचा, संथ' असा शिक्का तयारच होता. तो संथ आहेच. बाप गेल्यावर दहा दिवस गावी राहिलेल्या माणसाला घाई कसली? असल्या खऱ्या पण निरुपयोगी विशेषणांवर आपले अर्धे अंदाज उभे असतात.

हे लिहितोय तेव्हा 2025 सरत आलंय आणि समोर 1 मे 2026 ही तारीख जाहीर केलेला रितेश देशमुखचा 'राजा शिवाजी' आहे. दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका त्याचीच, छायाचित्रण संतोष सिवन यांचं, संगीत अजय-अतुल यांचं, सोबत संजय दत्त आणि अभिषेक बच्चन. शोंची अडचण त्याला येणार नाही. यावेळी सकाळचा खेळ दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडेल. गल्ल्याचा अंदाज बांधायला कुणाचीच गरज नाही. चित्रपट म्हणून माझं मन अर्धं इकडे, अर्धं तिकडे आहे. रितेशने आधी दिग्दर्शित केलेला 'वेड' हा तेलुगू 'मजिली'चा नेटका रीमेक होता, पण रीमेकमध्ये दिग्दर्शकाचा हात किती आणि तयार आराखडा किती, हे सांगता येत नाही. सिवन यांचा कॅमेरा ड्रोनच्या नेहमीच्या चकरा मारणार नाही, असं धरून चालतो. हिंदीतले चेहरे भरण्यासाठी पटकथा ताणली जाईल, अशी धास्तीही आहे. म्हणून माझी पैज अशी: दिसायला देखणा, मधे सैल, आणि गाण्यांत पैसे वसूल. ट्रेलरमध्ये महाराज एकदा तरी साध्या आवाजात, गर्जना न करता, कुणाशी मसलत करताना दिसले, तर मी ही पैज त्याच दिवशी मागे घेईन.