‘लुक फॉरवर्ड टू’ आणि ‘वाट पाहणे’
‘लुक फॉरवर्ड टू’ या इंग्रजी क्रियापदबंधासाठी मराठी अनुवादक सर्रास ‘वाट पाहणे’ योजतात. परंतु इंग्रजीत येऊ घातलेल्या घटनेविषयीचा आनंद गृहीत असतो. ‘वाट पाहणे’ आनंद आणि धास्ती या दोहोंबाबत तटस्थ आहे. पिंप्राळ्यातील आषाढी एकादशीच्या रथाची उत्कंठा ‘कधी एकदा रथ निघतो असे झाले आहे’ या रचनेतच उतरते. एका क्रियापदासाठी सबंध वाक्य खर्ची पडते, आणि ते पडू द्यावे. उलट, धूळपेरणी केलेला खानदेशी शेतकरी पावसाची ‘वाट पाहतो’ तेव्हा बियाणे वाया जाण्याचे भय त्यात असते. तेथे इंग्रजी अनुवादात ‘लुक फॉरवर्ड टू’ आल्यास ते भयच पुसले जाते. पत्राच्या शेवटी येणाऱ्या औपचारिक प्रयोगाला मात्र ‘उत्तराची प्रतीक्षा आहे’ एवढे पुरते.